एका सेंटिमीटरच्या पाहुण्याचं घर

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या घरी एक पाहुणा आला. पाय पसरून बसला तरी जेमतेम एक सेंटिमीटर. रंग फिक्कट, पोटावर एक काळा ठिपका. मोड आलेल्या मटकीला आठ पाय फुटावेत, साधारण तसा. हे मेक्सिकन रेडनी टॅरंट्युलाचं पिल्लू. पाळणारे लोक त्याला 'स्लिंग' म्हणतात.

दिलं कोणी, तर ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या जर्मन सहकाऱ्याने. मी इथे दोन वर्षांसाठी ऑनसाइट आलोय. कुत्रं-मांजर पाळायला घरमालक परवानगी देत नाही, आणि संध्याकाळी पाचला अंधार पडतो. एकदा जेवताना मी म्हटलं, घरी वाट बघणारं कोणीतरी हवं यार. तो म्हणाला, "कोळी वाट बघत नाही. पण कटकटही करत नाही." झालं.

आईला फोनवर सांितलं तर ती दोन सेकंद गप्प. मग, "अरे, आपण कोळिष्टकं झाडूनं काढतो, आणि तू विकत आणतोस?" विकत नाही गं, फुकट मिळाला, हे सांगून काही फरक पडला नाही.

आता आपण इंजिनियर लोक. पाहुणा यायच्या आधीच मी तयारी करून ठेवली होती: तीस लिटरची काचेची टाकी, रंगीत खडे, खाली ठेवायचा गरम होणारा दगड आणि पाण्याच्या वाटीत स्पंज, म्हणजे बिचारा बुडायला नको. मित्राने ते सगळं बघितलं आणि पोट धरून हसला. म्हणाला, "छान. १९८० सालचं कोळी मारायचं यंत्र बनवलंस." आणि खिशातून काय काढलं, तर सॅलड मिळतं तसला प्लास्टिकचा छोटा डबा. हेच त्याचं घर!

मला राग आला, खरं सांगतो. पण त्या वाक्यातलं '१९८०' डोक्यात अडकलं. मग पुढचे दोन वीकेंड वाचण्यात गेले. हा साधा डबा एवढा साधा व्हायला जवळपास तीनशे वर्षं लागली आहेत, हे तेव्हा कळलं.

सुरुवात नावापासूनच चुकीची. टॅरंट्युला हे नाव इटलीतल्या तारांतो शहरावरून आलं, आणि तिथला मूळ 'टॅरंट्युला' हा वेगळाच, लांडगा-कोळी म्हणतात त्यातला. तो चावला की नाचून विष उतरवायचं, अशी तिथे समजूत होती. युरोपियन लोक अमेरिका खंडात गेले, तिथे तळहाताएवढे केसाळ कोळी दिसले, आणि घरचंच भीतीचं नाव त्यांना चिकटवून मोकळे झाले.

या केसाळ मंडळींचं पहिलं गाजलेलं चित्र एका बाईने काढलं. मारिया सिबिला मेरियन. १६९९ साली, वयाच्या पन्नाशीत, धाकट्या मुलीला घेऊन ही बाई स्वतःच्या खर्चाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली, किडे आणि फुलपाखरं बघायला. (आम्हाला ऑनसाइट जाताना कंपनीने टॅक्सीचे पैसे दिले नाहीत तर आम्ही मेल लिहितो.) १७०५ मध्ये ॲमस्टरडॅमला तिचं पुस्तक निघालं. त्यात पेरूच्या फांदीवर एक मोठा कोळी चिमुकल्या हमिंगबर्डला खातोय असं चित्र आहे. पुढे १७५८ मध्ये लिनियसने या कोळ्याचं नावच 'ॲव्हिक्युलॅरिया', म्हणजे पक्ष्यांशी संबंधित असं ठेवलं. पण एकोणिसाव्या शतकातल्या काही विद्वानांनी तिला सरळ खोटारडी ठरवलं. म्हणे कोळी पक्षी खातच नाही, बाईंनी ऐकीव गोष्टी रंगवल्या.

तिची बाजू खरी ठरवली हेन्री वॉल्टर बेट्सने. हा माणूस १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षं ॲमेझॉनच्या जंगलात होता. १८६३ च्या पुस्तकात त्याने लिहिलंय की झाडाच्या फटीतल्या जाळ्यात दोन छोटे पक्षी आणि त्यांच्यावर बसलेला कोळी त्याने स्वतः पाहिला. त्याच पानांच्या आसपास मला माझ्या कामाची दुसरी नोंद सापडली. तिथल्या एका आदिवासी कुटुंबातली मुलं असल्या कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला घरभर फिरवत होती, कुत्र्याला फिरवावं तसं! पाळीव टॅरंट्युलाची याहून जुनी नोंद मी तरी वाचलेली नाही. त्या कोळ्याला डबा, टाकी काही नव्हतं. अख्खं घर त्याचंच.

बेट्सने आणखी एक लिहून ठेवलंय. सुरुवातीचे नमुने त्याने निष्काळजीपणे हाताळले आणि पुढे तीन दिवस तो हैराण झाला. कारण चावा नाही, तर पोटावरचे केस. हे कोळी मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडतात आणि ते कातडीत, डोळ्यात घुसतात. माझ्या पाहुण्याकडेही हे शस्त्र आहे, म्हणून त्याच्या घराला वाकून, नाक लावून बघायचं नाही. आईचा 'लांबून बघ रे बाबा' हा सल्ला शास्त्रीय निघाला :-)

माझ्या पाहुण्याच्या जातीला पुस्तकी नाव मिळालं १८९७ मध्ये, मेक्सिकोत नमुने गोळा करणाऱ्या एका स्मिथच्या नावावरून: 'स्मिथी'. त्यातली गंमत अशी की २०१७ च्या एका अभ्यासानंतर कळलं, जगभर 'स्मिथी' म्हणून पाळलेले बरेचसे कोळी खरं तर 'हामोरी' या शेजारच्या जातीचे होते. म्हणजे वर्षानुवर्षं लोकांनी आपल्याच घरातल्या प्राण्याला चुकीच्या नावाने हाक मारली. अर्थात कोळ्याला हाक ऐकूच येत नाही, त्यामुळे कोणाचं फारसं बिघडलं नाही.

हे कोळी राहतात कसे, हे चिकाटीने बघणारा माणूस म्हणजे अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठातला विल्यम बेअर्ग. हा जरा विक्षिप्तच. ब्लॅक विडो कोळ्याचं विष किती वाईट हे बघायला त्याने १९२२ मध्ये तो स्वतःला चावून घेतला आणि इस्पितळात भरती झाला. टॅरंट्युलावरचं त्याचं पुस्तक १९५८ चं. तिथल्या टॅरंट्युलाचा नर वयात यायलाच दहा वर्षांहून जास्त लागतात, हे त्याच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं कोळी सांभाळून शोधलं. दहा वर्षं! आमच्याकडे दहा वर्षांत तीन टेक्नॉलॉजी येऊन जातात.

पण बाजाराला एवढा धीर कुठला. साधारण १९७० च्या दशकात रेडनी अमेरिका-युरोपच्या दुकानांत दिसू लागला. दिसायला देखणा, काळ्या अंगावर गुडघ्यांना केशरी-लाल पट्टे, आणि स्वभावाने मवाळ. सिनेमावाल्यांनाही असे केसाळ कोळी आवडायचेच. १९८१ च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये आल्फ्रेड मोलिनाच्या पाठीवर टॅरंट्युला बसलेले आठवत असतील. दुकानातले कोळी मात्र कोणी वाढवलेले नव्हते. ते मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या जमिनीतून उकरून आणलेले होते. मादी वर्षानुवर्षं एकाच बिळात राहते. एकदा बीळ सापडलं की ती पळून जाणार कुठे? आणि उकरल्या जायच्या त्या मोठ्या, अंडी घालणाऱ्या माद्याच. जी मादी तयार व्हायला सहा-सात वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, ती एका फावड्याच्या फटक्यात पेटीत. तिच्यासाठी घर काय, तर माशांची जुनी टाकी. खाली खडे, कारण माशांना खडे असतात. गरम दगड, कारण सरड्यांना तो विकला जायचा. स्पंज का, ते मला अजून कळलेलं नाही.

आता यात चूक काय? रेडनीचं अख्खं आयुष्य उन्हापासून लपण्यात जातं. तापलं की खाली खणायचं, खाली गारवा असतो, एवढं त्याला उपजत माहीत. आपण उष्णता खालूनच दिली तर तो बिचारा गारव्याच्या शोधात आणखी उष्णतेकडे खणत जातो. उंच टाकीच्या काचेवर चढला आणि पडला तर मऊ पोट फुटतं. जाळीच्या झाकणात नख्या अडकतात. ओल्या स्पंजात जंतू वाढतात, आणि टॅरंट्युलाला वाटीतलं साधं पाणी छान पिता येतं. यातली प्रत्येक गोष्ट कोणाचा ना कोणाचा कोळी मेल्यावर कळलेली आहे. मी टाकी मांडली तेव्हा हीच सगळी मरणं परत एकदा ओळीने मांडली होती. मित्र हसला ते का, हे उशिरा लक्षात आलं.

१९८५ मध्ये रेडनीचं नाव साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं. परदेशात नेऊन विकायचा तर परवाना हवा. हा मान मिळालेला हा पहिलाच टॅरंट्युला. पुढच्या दहा वर्षांत त्याचा अख्खा ब्रॅकीपेल्मा गट त्या यादीत गेला. त्याने एक मोठा फरक पडला: उकरून आणलेल्या मादीपेक्षा घरी वाढवलेलं पिल्लू विकणं सोपं झालं. एका मादीच्या अंड्यांच्या पिशवीतून शेकडो पिल्लं निघतात. म्हणजे युरोपातल्या हौशी लोकांच्या स्वयंपाकघरात एकदम शेकडो मटकीएवढे जीव, आणि प्रत्येकाला वेगळं घर, नाहीतर एकमेकांना खातात. शेकडो काचेच्या टाक्या कोण घेणार? आली सॅलडची डबी. गरजेपोटी आलेली ही डबी पिल्लाला टाकीपेक्षा सोयीची निघाली. मोठ्या टाकीत पिल्लाला भक्ष्य सापडत नाही आणि आपल्याला पिल्लू. स्टॅन्ली आणि मार्गरिट शुल्ट्झ या जोडप्याच्या १९९८ च्या 'टॅरंट्युला कीपर्स गाइड'ने स्पंज-बिंज प्रकारांवर तुटून पडून बऱ्याच कोळ्यांचे जीव वाचवले असणार.

तर आमच्या पाहुण्याचं सध्याचं घर असं. डब्याच्या बाजूंना तापलेल्या सुईने पाडलेली भोकं, पिल्लाच्या पोटापेक्षा लहान. आत निम्म्याहून वर कोकोपीट, दाबून बसवलेलं, एका कोपऱ्यात ओलसर आणि बाकी कोरडं. पिल्लाची कातडी पातळ असते, ते चटकन सुकतं, म्हणून एवढा ओलावा हवाच. काडीने पाडलेलं तिरकं बीळ, वर झाडाच्या सालीचा तुकडा. कोकोपीटच्या विटेवर बघितलं तर 'श्रीलंका'. मेक्सिकोचा कोळी, श्रीलंकेचा नारळ, जर्मनीतली खोली आणि भाडं भरणारा पुण्याचा. जेवण आठवड्यातून एकदा-दोनदा, आधी मारलेल्या किड्याचा तुकडा. पहिल्यांदा तो तुकडा कापताना मी, घरात चिकन साफ करायला पळ काढणारा माणूस, फार मोठा झाल्यासारखा वाटलो.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये. मित्राकडे दुसऱ्या फळीवर एक निळा कोळी आहे. निळा म्हणजे मोरपिसासारखा. त्याच्या डब्यावर नाव काय, तर 'गूटी'. मी दचकलो. गूटी म्हणजे आपली गुत्ती, आंध्रातली. गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांची. मुंबई-चेन्नई लाइनवर गुंतकलनंतर लागते. मी लहानपणी तिरुपतीला जाताना खिडकीतून तो किल्ला बघितलाय. १८९९ मध्ये पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने या कोळ्याचं वर्णन केलं, तो नमुना गुत्तीत रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडलेला. बहुधा लाकडांबरोबर मालगाडीने आलेला. त्यानंतर १०२ वर्षं तो कोणाला दिसला नाही. २००१ मध्ये तो नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात परत सापडला. त्याचा सगळा मुलूख शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी, आणि तिथेही झाडतोड चालू. २००८ मध्ये तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर असल्याचं जाहीर झालं. साइट्सच्या यादीत त्याचा गट आला तो थेट २०१९ मध्ये. तोवर युरोप-अमेरिकेतल्या फळ्यांवर त्याची पिल्लंच पिल्लं झाली होती.

मित्राला विचारलं, हा माझ्या देशातून इथे आला कसा? तो म्हणाला, माझा इथेच जन्मलेला आहे, कागद आहे. बरोबर आहे. त्याच्या आजीचा कागद मात्र कोणाकडेच नाही. तरी जंगल गेलं तर हा डब्यातला तरी राहील, असं त्याचं म्हणणं. यावर आमचं जेवताना चांगलंच वाजलं. मी म्हटलं, डब्यातला कोळी जंगलात परत जाणार आहे का? तो म्हणाला, नाही. मग दोघंही गप्प जेवलो.

माझ्या पाहुण्याचाही तसाच एक कागद आहे, बंदिस्त पैदाशीचा. तो मी पासपोर्टच्या फोल्डरमध्ये, व्हिसाच्या कागदांमागे ठेवलाय. व्हिसा अजून चौदा महिन्यांचा. पाहुणा नर निघाला तर पाच-सहा वर्षांचा सोबती, मादी निघाली तर पंचवीस-तीस वर्षांची. तेव्हा मी पन्नाशीच्या पुढे असेन. भारतात न्यायचं तर दोन्ही देशांचे परवाने लागतील. नाही मिळाले तर मित्राच्या फळीवर जागा आहे, असं तो म्हणतो. नर की मादी हे टाकलेल्या कातीवरून कळतं, पण त्यासाठी पिल्लू आणखी मोठं व्हावं लागेल.

काल सकाळी बघितलं तर त्याने बिळाचं तोंड आतून मातीने बंद करून घेतलंय. कात टाकायची तयारी असणार. आता त्याला काही खायला द्यायचं नाही, डबा हलवायचा नाही, फक्त मंगळवारी बाजूच्या भोकातून ड्रॉपरने पाण्याचे दोन थेंब.