आठ पायांचा नंदीबैल

२०१०च्या जुलैमध्ये मी कोलकात्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. गल्लीच्या तोंडाशी एक क्लब होता, क्लबात एक टीव्ही होता आणि त्या टीव्हीसमोर भिंतीकडची एक प्लास्टिकची खुर्ची माझी म्हणून ठरून गेली होती. वर डोकं टेकेल इतक्या खाली आकाशी-पांढऱ्या पताका लोंबत होत्या. मी मूळचा कोल्हापूरचा. पेठापेठांतल्या तालमी फुटबॉलवरून एकमेकांशी अबोला धरतात, वर्ल्ड कप आला की चौकाचौकांत परक्या देशांचे झेंडे लागतात, हे सगळं पाहत मोठा झालेला. त्यामुळे बंगालातल्या एका गल्लीनं स्वतःला अर्जेंटिना समजावं याचं मला काही नवल वाटलं नव्हतं.

३ जुलैला शनिवार होता. केप टाउनमध्ये अर्जेंटिना विरुद्ध जर्मनी, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. मॅराडोना प्रशिक्षक, मेस्सी मैदानावर. एरवी दुपारपासून ढोल वाजायचे. पण त्या दिवशी क्लबात सुतक असल्यासारखी शांतता होती. जर्मनीतल्या ओबरहाउझेन गावच्या मत्स्यालयातल्या पाउल नावाच्या ऑक्टोपसनं जर्मनीच्या पेटीतला शिंपला उचलला होता. क्लबातले सर्वांत वडीलधारे एक दादा होते. त्यांनी बजावून ठेवलं होतं, "सामना संपेपर्यंत त्या प्राण्याचं नाव कुणी घ्यायचं नाही." मी हसलो. ते हसले नाहीत.

त्या संध्याकाळी गर्दी फार झाली, म्हणून मी माझी खुर्ची एका म्हाताऱ्या गृहस्थांना दिली आणि दारात उभा राहिलो. तिसऱ्याच मिनिटाला म्युलरनं हेडरवर गोल केला. सगळा क्लब टीव्हीकडे बघत होता. दादा वळून माझ्याकडे बघत होते. शेवटी ४-० झालं. पुढचे कितीतरी दिवस दादा माझ्याशी धड बोलले नाहीत. जागा सोडल्याचा राग असा चारचौघांत कबूल करता येत नाही, म्हणून कारणही त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या रात्री खोलीवर परतताना मला आमच्याकडचा नंदीबैल आठवला. सुगी झाली की दारात गुबूगुबू वाजायचं, शिंगांना गोंडे आणि पाठीवर रंगीत झूल घातलेला बैल उभा राहायचा, आणि मालक विचारील त्या प्रश्नाला होकाराची मान हलवायचा. माझ्या आजीला त्यातलं इंगित पक्कं ठाऊक होतं. कासरा कुठं ओढला जातो, ढोलकं कधी बदलतं, हे ती आम्हाला बोट दाखवून सांगे. तरीही सुपातून जोंधळे घालताना ती एखादा प्रश्न हळूच विचारायचीच, आणि बैल मान हलवीपर्यंत दारातून हलायची नाही. पाउलच्या बाबतीत अडचण एवढीच होती की त्याला कासरा नव्हता.

पाउल इंग्लंडमध्ये वेमथच्या मत्स्यालयात २००८ साली अंड्यातून बाहेर आला आणि तिथून जर्मनीला गेला असं त्याच्या सांभाळणाऱ्यांचं म्हणणं. नाव बोय लोर्नसेन या जर्मन बालसाहित्यकाराच्या एका कवितेवरून ठेवलेलं. पद्धत साधी होती. टाकीत दोन पारदर्शक पेट्या सोडायच्या, प्रत्येकीत खाऊ, प्रत्येकीवर एका देशाचा झेंडा. तो आधी ज्या पेटीत शिरेल तो देश जिंकणार. बरोबरीसाठी तिसरी पेटी नव्हती, ही गोष्ट तेव्हा कुणी फारशी लक्षात घेतली नाही. २०१०मध्ये त्यानं जर्मनीचे सातही सामने आणि अंतिम सामना असे आठ निकाल सांगितले, आणि आठही बरोबर आले. साखळीत सर्बियाकडून जर्मनी ०-१ हरेल हे त्यानं सांगितलं होतं. उपांत्य फेरीत तो स्पेनच्या पेटीत शिरला तेव्हा एका जर्मन वृत्तवाहिनीनं ते थेट प्रक्षेपित केलं, आणि डरबनला पुयोलच्या एका हेडरनं ते खरं ठरलं.

हे सगळं आपण इतिहास म्हणून सांगतो. पण याआधीचा दोन वर्षांपूर्वीचा इतिहास कुणी सांगत नाही. २००८च्या युरो स्पर्धेत याच पाउलनं जर्मनीच्या सहाही सामन्यांत जर्मनीचीच पेटी निवडली होती. त्यातले चार जर्मनी जिंकली, क्रोएशियाविरुद्धचा आणि स्पेनविरुद्धचा अंतिम सामना हरली. म्हणजे तेव्हा तो भविष्यवेत्ता नव्हता, जर्मनीचा चाहता होता. आमच्या गल्लीतला कुणीही पोरगा अर्जेंटिनाबद्दल हेच सांगत आला होता.

काहींनी झेंड्यांवर बोट ठेवलं. ऑक्टोपसला रंग दिसत नाहीत, पण उजळ-गडद फरक आणि आकार चांगले कळतात. आडव्या पट्ट्यांकडे तो ओढला जात असावा, असा तर्क. जर्मनी, सर्बिया, स्पेन, तिन्ही झेंडे आडव्या पट्ट्यांचे. मला हा तर्क काही काळ फार आवडला होता. पण मग घानाचा, अर्जेंटिनाचा, नेदरलँड्सचाही झेंडा आडव्या पट्ट्यांचाच आहे, आणि उरुग्वेच्या झेंड्यावर तर पट्टेच पट्टे. ते सगळे त्यानं नाकारले. तर्काला हवे तेवढेच झेंडे आपण मोजतो, एवढंच त्यातून मला समजलं.

नाणं आठ वेळा उडवून आठही वेळा बरोबर सांगण्याची शक्यता दोनशे छप्पन्नात एक. ऐकायला ती फार लहान वाटते. पण त्या उन्हाळ्यात प्राणी काही एकटा पाउल नव्हता. जर्मनीतल्याच केम्निट्स प्राणिसंग्रहालयात एक साळिंदर, एक बुटका पाणघोडा आणि एक छोटं माकड, तिघांनी मिळून जर्मनीचे साखळीतले तिन्ही सामने चुकीचे सांगितले. त्यांना कुणी पुतळा उभारला नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण नेहमीची आहे: चुकलेल्यांचं दप्तर राहत नाही. जोतिषांचं, सेनापतींचं आणि शेअरबाजारातल्या सल्लागारांचंही तसंच. आधी शंभरजण बोलतात, नंतर एकाचंच बोलणं ऐकू येतं, आणि आपण म्हणतो, बघा, त्याला कळलं होतं.

सिंगापूरच्या लिटल इंडियात मणी नावाचा एक पोपट होता. तमिळ मुलखातल्या पोपटाच्या जोतिषाची ती परंपरा. पिंजऱ्याचं दार उघडलं की पोपट बाहेर येतो, एक चिठ्ठी चोचीनं ओढतो आणि मालक ती वाचतो. मणीनं उपांत्यपूर्व फेरीचे चारही निकाल बरोबर सांगितले. अंतिम सामन्यासाठी तो नेदरलँड्स म्हणाला, पाउल स्पेन म्हणाला. म्हणजे ११ जुलैला, आपल्याकडे मध्यरात्री, सामना खरं तर दोन प्राण्यांमध्येच होता. ११६व्या मिनिटाला इनिएस्टानं गोल केला आणि मणी विस्मरणात गेला. मला वाईट वाटलं ते याचं, की त्या जोतिषामागे जुनी विद्या होती, गिऱ्हाइकाचा चेहरा वाचण्याची मालकाची कला होती. पाउलमागे फक्त शिंपले होते.

पाउलवर रागावणारे लोक मात्र मला खरे वाटतात. अर्जेंटिनातल्या एका आचाऱ्यानं ऑक्टोपस कसा शिजवावा याची कृती जाहीर केली. जर्मनी हरल्यावर जर्मनांनीही त्याला तळण्याच्या गोष्टी केल्या, आणि स्पेनचे पंतप्रधान सापातेरो यांनी त्याला संरक्षण द्यायला हवं असा विनोद केला. या साऱ्यांत एक समान गोष्ट आहे. चाहत्याच्या हातात काहीच नसतं. नव्वद मिनिटं तो हजारो मैलांवरून ओरडतो आणि चेंडूला त्याची वार्ताही नसते. अशा वेळी रागवायला समोर एक प्राणी असला, किंवा दारात जाऊन उभा राहिलेला एक मराठी भाडेकरू असला, तर जीव थोडा हलका होतो.

ऑक्टोपसचं आयुष्यच दोनेक वर्षांचं. पाउल २६ ऑक्टोबर २०१०ला मेला आणि पुढच्या वर्षी मत्स्यालयात त्याचा पुतळा बसला. त्याच्या जपानी वारसाच्या वाट्याला एवढंही आलं नाही. २०१८च्या स्पर्धेत होक्काइदोतल्या ओबिरा इथल्या एका मच्छीमारानं राबिओ नावाचा मोठा ऑक्टोपस वापरला. इथं बरोबरीसाठीही जागा ठेवलेली होती. कोलंबियावर विजय, सेनेगलशी बरोबरी, पोलंडकडून हार. राबिओनं तिन्ही निकाल बरोबर सांगितले. पण तिसरा निकाल लागायच्या आतच मच्छीमारानं त्याला बाजारात नेऊन विकलं होतं. घर चालवायला ऑक्टोपस विकावेच लागतात. बाद फेरीत जपान बेल्जियमकडून २-३ हरला, आणि राबिओ काय म्हणाला असता हे विचारायला कुणी उरलं नव्हतं. मला हा मच्छीमार सगळ्या गोष्टीतला सर्वांत शहाणा माणूस वाटतो, आणि तरीही ती बातमी वाचताना घशाशी काहीतरी आलं होतं.

मी कोलकाता सोडून आता बरीच वर्षं झाली. दादांशी अबोला २०१०च्या पूजेतच मिटला होता. फोन अधूनमधून असतो. २२ नोव्हेंबर २०२२ला अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून १-२ हरली त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी सामन्याविषयी एक शब्द काढला नाही. विचारलं, "तू कुठं बसला होतास?"

मी म्हणालो, "घरीच दादा, सोफ्यावर."

"मग उभा राहा," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

१८ डिसेंबरचा फ्रान्सविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत गेला, ३-३ झाला, पेनल्टीवर ४-२ सुटला. बायकोनं दोनदा विचारलं पाय दुखत नाहीत का म्हणून. मी दाराच्या चौकटीला टेकून शेवटपर्यंत उभाच होतो.