भुऱ्याची वही

रात्रीचे अडीच वाजले होते. दारावर नखांचा आवाज आला आणि मी अर्धवट झोपेतच उठलो. आमच्या घरात या आवाजाचा अर्थ सगळ्यांना पाठ झाला होता. दार उघडलं की भुऱ्या बाणासारखा अंगणात पळायचा, आणि मग पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाला तीच फेरी. त्या पावसाळ्यातली ही चौथी वेळ. सकाळी तो पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात पडून राहिला, पाणीसुद्धा नको म्हणाला. १८ किलोचा कुत्रा १५ वर आला होता. पाठीचे मणके हाताला लागत होते.

भुऱ्या म्हणजे आमचा गावठी कुत्रा. २०१९ साली यवतमाळच्या बसस्टँडजवळ पावसात भिजत बसलेला दिसला, उचलून आणला. कुठल्या जातीचा म्हणून विचारलं तर आई सांगते, "आपल्याच जातीचा."

डॉक्टरांनी तोपर्यंत जंताचं औषध दिलं होतं, शौचाची तपासणी केली होती, गोचिडांच्या तापासाठी रक्त पाहिलं होतं. काही सापडलं नव्हतं. दर वेळी गोळ्या दिल्या की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. त्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सर, तुम्ही इतिहास शिकवता ना? मग याचा इतिहास लिहून आणा. महिनाभर. काय खाल्लं, किती वाजता, कोणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी काय झालं. पोटाच्या जुन्या तक्रारीत बऱ्याच कुत्र्यांना नुसता आहार बदलूनच बरं वाटतं. पण काय बदलायचं ते आधी कळायला हवं."

झालं! मला कोणी वही लिहायला सांगितलं की माझं काय होतं ते घरच्यांना माहीत आहे. शंभर पानी वही आणली, रकाने आखले. आणि रकाने भरता भरता मनात आलं, की माणसानं कुत्र्याच्या ताटाकडे असं बघायला सुरुवात केली तरी कधी?

शोधायला गेलो तर फार मागे जावं लागलं. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली एक थडगं सापडलं. एक पुरुष, एक बाई, आणि त्यांच्यासोबत पुरलेलं कुत्र्याचं पिल्लू. सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं. २०१८ साली संशोधकांनी त्या पिल्लाचे दात पुन्हा तपासले, तेव्हा त्याला डिस्टेंपरसारखा मोठा आजार होऊन गेल्याच्या खुणा दिसल्या. या आजारात ताप, उलट्या, जुलाब सगळंच होतं. ते पिल्लू जेमतेम सात महिन्यांचं होऊन मेलं. पण आजार लागल्यावर ते काही आठवडे जगलं, आणि कोणी ऊब दिल्याशिवाय, स्वच्छ केल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय ते शक्य नव्हतं, असं संशोधकांचं म्हणणं. तेव्हा शेती नव्हती. ते पिल्लू शिकारीच्या काय कामाचं? तरीही कोणीतरी रात्री उठलं होतं. अडीच वाजता अंगणात बॅटरी धरून उभा असताना मला त्या माणसाची फार सोबत वाटली.

आपल्याकडचं म्हणाल, तर १९७४ साली दायमाबादला (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात) काशाचा एक सुंदर रथ सापडला. दोन बैल, रथात उभा माणूस, आणि पुढे दांडीवर उभा असलेला कुत्रा. बैलगाडीपुढे ऐटीत असलेली अशी कुत्री आमच्या दारव्हा रस्त्यावर अजून दिसतात. शेती आली, धान्य आलं, आणि कुत्र्याचं पोटही बदललं. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. म्हणजे आपण भाकरी खायला लागलो तसा तोही भाकरी पचवायला शिकला. लांडगा ते शिकला नाही, तो टिपेश्वरच्या जंगलाकडेच राहिला.

आणि वऱ्हाडात भाकरी म्हणजे ज्वारीची. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हा या भागाला वणीवरून 'वून' जिल्हा म्हणत, यवतमाळ हे नाव १९०५ साली मिळालं. पण कापूस कितीही वाढला तरी शेतकरी ज्वारी सोडत नसे. कापूस सावकाराचा, ज्वारी घरची. कणीस माणसाला, कडबा बैलाला, आणि उरलेली शिळी भाकर ताकात कुस्करून कुत्र्याला. माझ्या लहानपणी आर्णीजवळच्या आमच्या गावात कुत्र्याला वेगळं शिजवतात असं कोणी सांगितलं असतं, तर लोक हसले असते. पुढे सोयाबीन आलं, ज्वारीची शेतं आटली. रेशनचा गहू-तांदूळ आला, घराघरात पोळी आली, चहासोबत बिस्किटं आली. आपलं ताट बदललं ते आपण पाहिलं. दाराशी बसलेल्याचं ताटही त्याच वेळी बदललं, ते मात्र कोणी वहीत लिहिलं नाही.

बिस्किटावरून आठवलं. विकतचं कुत्र्याचं खाणं सुरू झालं तेच बिस्किटापासून. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकी गृहस्थ वीजरोधक विकायला लंडनला गेला. बंदरावर खलाशांची टाकून दिलेली कडक बिस्किटं कुत्री चघळताना त्यानं पाहिली म्हणतात, आणि १८६० च्या सुमाराला गहू, भाज्या आणि मांसाचा अंश घालून कुत्र्यांसाठी बिस्किटं काढली. पुढे रशियात पाव्हलॉवनं कुत्र्यांवरच प्रयोग करून दाखवलं, की मांस, पाव आणि दूध या तिन्हींसाठी पोट वेगवेगळ्या तऱ्हेनं रस सोडतं. १९०४ चं नोबेल त्याला पचनाच्या या कामासाठी मिळालं. घंटेची गोष्ट आपण पाठ केली, पचनाची विसरलो!

पण मला खरी आवडली ती बडीची गोष्ट. मॉरिस फ्रँक हे अंध गृहस्थ अमेरिकेत वाटाड्या कुत्र्यांच्या चळवळीचे प्रवर्तक. १९३९ साली त्यांच्या बडी या कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडली. मार्क मॉरिस या डॉक्टरांनी औषधाऐवजी त्याचं जेवण बदललं, आणि तो सावरला. ते जेवण मॉरिस यांच्या घरच्या स्वयंपाकघरात बरण्यांत भरलं जायचं. बरण्या प्रवासात फुटायला लागल्या म्हणून डबे आले, आणि १९४८ साली कारखाना. आज दुकानात आजारानुसार जे डबे-पिशव्या मिळतात त्यांचं मूळ एका अंध माणसाच्या काळजीत आणि एका डॉक्टरच्या स्वयंपाकघरात आहे.

असो. वहीकडे येतो.

पाचव्या आठवड्यात मी लाल पेन घेऊन बसलो. पोट बिघडलेल्या दिवसांना खुणा केल्या. शुक्रवार. शुक्रवार. शनिवार. शुक्रवार. मागच्या पावसाळ्यातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या काढल्या, तारखा कॅलेंडरवर पाहिल्या. सगळ्या शुक्रवार-शनिवारच्या. वर्गात मुलांना सांगतो, की पुरावा बोलतो. इथे तो ओरडत होता. आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण गुरुवारी दुपारी मी शाळेत असतो, ही बँकेत, आणि घरी फक्त आई.

आईचा गुरुवार म्हणजे दत्ताचा. आमच्या जिल्ह्यातून पैनगंगा ओलांडली की माहूर. दत्तशिखराच्या पायऱ्या ती सत्तरीपर्यंत चढली. गुडघे गेल्यावर दत्त देव्हाऱ्यातच राहिले, पण दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, लोक त्यांना चार वेद मानतात, आणि तिच्या दारात तर जिवंत वेद शेपूट हलवत बसलेला! तेव्हा दर गुरुवारी नैवेद्यानंतर भुऱ्याला वाटीभर दूध, त्यात तुपानं माखलेली पोळी, वर एक पेढा. वहीत हे नव्हतं, कारण तिच्या लेखी ते खाणं नव्हतंच. प्रसाद होता.

मी विचारलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "नामदेवानं नाही का, कुत्रं पोळी घेऊन पळालं त तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावला? म्या काय वाईट केलं बाप्पा?"

ही गोष्ट मीही तिच्याच मांडीवर ऐकलेली. काय बोलणार? कुत्र्याला तूप पचत नाही असंही लोक म्हणतातच की. दोन्ही आपलेच. आणि इथे लोकच बरोबर निघाले. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, आणि एकदम खूप स्निग्ध खाल्लं तर जुलाबच काय, स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते.

मी हे सगळं तिला समजावून सांगितलं, जरा जास्तच मास्तरासारखं. ती उठून आत गेली. संध्याकाळी जेवली नाही. रात्री मी पाणी द्यायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्याले मीच बिमार करत होती म्हंजे." मला त्या क्षणी वही फाडून टाकावीशी वाटली. खरं सांगायचं तर, इतिहास लिहिणाऱ्याला सापडलेल्या गोष्टीचा आनंद होतो, आणि ती कोणाला लागणार आहे हे त्याच्या मागाहून लक्षात येतं.

डॉक्टरांकडे या वेळी आईलाच घेऊन गेलो. त्यांनी माझ्याशी न बोलता तिच्याशीच बोलणं केलं. "आजी, दोन महिने याचा स्वयंपाक तुमच्या हातात. मऊ भात, कातडी काढलेली उकडलेली कोंबडी, चमचाभर उकडलेला लाल भोपळा. कांदा-लसूण अजिबात नाही, तेल-मसाला नाही. एकदम मोठं ताट नको, दिवसातून तीनदा थोडं थोडं. दुसरा कण तोंडात जाता कामा नये, नाहीतर कशानं बिघडतं ते कळणारच नाही." नुसत्या भात-कोंबडीवर कुत्रा कायमचा ठेवता येत नाही, त्यात चुना आणि इतर सत्त्वं कमी पडतात, म्हणून त्यांनी वरून एक पूड दिली. आणि बजावलं, की शौचात रक्त दिसलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा पाणी पोटात टिकेना, तर वही बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठायचा.

आमच्या शाकाहारी आईनं अंगणात वेगळी चूल मांडली. नाकाला पदर लावून कोंबडी उकडायची, पण हात दुसऱ्या कोणाला लावू द्यायची नाही. तिसऱ्या आठवड्यात रात्रीचा आवाज बंद झाला. दोन महिन्यांनी भुऱ्या १७ किलोवर होता. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठ-दहा दिवसांत एक, अशी जुनी खाणी परत करून पाहिली. गव्हाच्या पोळीचा छोटा तुकडा चालला. ज्वारीची भाकरी तर छानच चालली. आईला फार समाधान वाटलं, "सांगत होती ना म्या, आपल्याच जातीचा हाये!" दुधाला मात्र दुसऱ्याच दिवशी फुली पडली.

आता गुरुवारी देव्हाऱ्यापुढे दोन वाट्या असतात. एकीत दूध-पेढा, तो आम्हाला. दुसरीत मऊ भाकरीचा काला, गरम पाण्यातला, तो भुऱ्याला. मधे एकदा मी विचारलं, दत्ताला हे चालतं का म्हणून. तर म्हणाली, "त्याच्यापाशी चार हायेत. त्याले नाही कळत का कोनाले काय पचते ते?"

वही अजून चालू आहे. हल्ली गुरुवारचा रकाना ती स्वतः भरते, मोडीसारख्या वळणाच्या अक्षरात. मागच्या आठवड्यात तिनं लिहिलंय: भाकर अर्धी, भोपळा चमचाभर, झोप चांगली. झोप कोणाची, ते लिहिलेलं नाही.