युरिया गोठ्यात कसा शिरला

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन पसरले, ज्वारी आक्रसली. कडबा महागला, भुसकटाचे ढीग वाढले. त्यात सरकीची ढेप कडाडली की कोणीतरी सुचवतोच, "वैरणीवर युरिया मारा." पिकाचे खत गाईच्या पोटात घालायचे, हे अनेकांना अघोरी वाटते. माझे म्हणणे उलटे आहे: युरिया गोठ्यात मुळातच होता.

१७७३ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रुएलला तो मूत्रात सापडला, १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने प्रयोगशाळेत बनवला. हे पाठ्यपुस्तकातले. खरी गंमत गाईच्या यकृतात आहे. कोठीपोटातून, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातून, रक्तात शिरलेल्या अमोनियाचा यकृत युरिया करते. काही मूत्रावाटे जातो, काही लाळेतून परत कोठीपोटात येतो. रवंथ करणारी गाय दर घोटाला थोडा युरिया गिळतच असते.

त्याचे पुढे काय होते, यावर जुना वाद होता. १८९१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ त्सुंट्सने मांडले की कोठीपोटातले जंतू असा सुटा नत्र आधी उचलतात, म्हणून चाऱ्यातली प्रथिने वाचतात. दुसरा पक्ष म्हणे, जंतू त्यातून स्वतःचीच प्रथिने बांधतात आणि गाय पुढे जंतूच पचवते. १९४९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या मेंढ्यांनी निकाल दिला: नत्रासाठी फक्त युरिया देऊनही कोठीपोटात दहाही आवश्यक अमिनो आम्ले तयार झाली. दुसरा पक्ष जिंकला.

मग ढेप कशाला? कारण भरपूर दुधाच्या गाईला जंतूंची प्रथिने पुरत नाहीत. भुईमुगाची पेंड कोठीपोटात लवकर फुटते. सरकीच्या ढेपेतला बराच भाग तिथून निसटून आतड्यात पचतो. तेल गाळतानाची उष्णता त्याला हातभार लावते. आपल्याकडची सरकीची आवड कापूस मुबलक म्हणून, असे म्हणतात. मला वाटते, कापसाने ढेप दारात आणली, पण टिकवली दुधाने.

म्हणून युरिया ढेपेचा पर्याय नव्हे, निकृष्ट वैरणीचा जोडीदार आहे. १०० किलो वाळल्या वैरणीला ४ किलो, पाण्यात विरघळवून, एकसारखा शिंपडून, २१ दिवस हवाबंद झाकून ठेवा. पाण्यातून कधीच पाजू नका, लहान वासरांना मुळीच देऊ नका, आणि सुरुवात पशुवैद्यकाला विचारूनच करा.