दख्खनी मेंढरे आणि त्यांच्या वाटा

सह्याद्रीवर आदळून रिता झालेला पाऊस पूर्वेकडे सरकताना जेथे अगदीच क्षीण होतो, त्या माण, खटाव, फलटण, आटपाडी, सांगोले, जत अशा तालुक्यांच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात, वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पर्जन्याने शेतकऱ्याला जेव्हा जेव्हा दगा दिला तेव्हा तेव्हा तेथील माणसाला मेंढरांनी तारले, ही गोष्ट या मुलुखाच्या इतिहासात जितक्या ठळकपणे नोंदली जावयास हवी होती तितकी ती नोंदली गेलेली नाही. गडकोटांचे वृत्तान्त आपण लिहिले, वतनदारांच्या कज्ज्यांचे कागद निगुतीने जुळविले. परंतु ज्या काळ्या, किडकिडीत पायांच्या जनावराने कुणब्याच्या शेताला खत दिले, त्याच्या अंगावर पांघरूण घातले आणि दुष्काळातही आपल्या धन्याची साथ सोडली नाही, त्याची हकीकत गॅझेटियरातील एखाद्या परिच्छेदापलीकडे क्वचितच गेली. मेंढीची जात, तिची लोकर आणि कळपाचे आरोग्य हे तीन निरनिराळे विषय आपल्या धनगराने कधी मानले नाहीत. वर्षभराच्या एका वाटचालीत त्याने ते तिन्ही गुंफले होते, आणि ही वाट जेथे जेथे तुटली तेथे तेथे तिन्हींची एकदमच हानी झाली, असे मला या हकीकतीचे सार वाटते.

या व्यवसायाची प्राचीनता सांगावयास पुराणांत शिरण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ पासून जे दीर्घ उत्खनन केले, त्यातून इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातील एक समृद्ध खेडे उजेडात आले. आणि त्या वस्तीच्या अखेरच्या शतकांत हवामान कोरडे होत गेले तसतसे तेथील लोक शेतीचा भरवसा सोडून शेळ्यामेंढ्यांकडे अधिकाधिक वळले, असे अनुमान मधुकर केशव ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी काढले. आभाळ आटले की नांगर ठेवून काठी उचलावयाची, हा या पठाराचा रिवाज एवढा जुना आहे.

दख्खनी मेंढी दिसावयास देखणी नव्हे. रंग बहुधा काळा, क्वचित करडा किंवा काळ्यापांढऱ्याचे मिश्रण. चेहरा निमुळता, नाकाचा कणा फुगीर, कान लोंबते, मान बारीक, पाय उंच व कोरडे. नराला शिंगे असतात, मादी बहुतेक बिनशिंगी. लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी अशी तिच्यातली पोटभेदांची नावे बाजारावरून आणि प्रदेशावरून पडली आहेत. वर्षाकाठी एका मेंढीपासून अर्धा-पाऊण किलोच्या आसपास लोकर निघते, आणि तिचा तंतू चाळीस मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही जाड, केसाळ व राठ असतो. मेरिनोच्या वीस-बावीस मायक्रॉनच्या रेशमी तंतूशेजारी ठेवला तर तो दरिद्री दिसावा, यात नवल नाही. तिचा खरा गुण मात्र तिच्या पायांत आहे. दिवसाकाठी कोसन् कोस चालावे, कुसळी गवतावर, बाभळीच्या शेंगांवर, कापणी झालेल्या रानातल्या धसकटांवर गुजराण करावी, पाणी मिळेल तेव्हा प्यावे, आणि एवढे करून वेळेवर कोकरू द्यावे, हे सामर्थ्य त्या पायांनी शतकानुशतकांच्या निवडीतून कमावले आहे.

त्या राठ लोकरीचे जे सोने आपल्या कारागिरांनी केले त्याचे नाव घोंगडी. वर्षातून दोनदा, साधारणपणे पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा सरल्यावर, मेंढरे ओढ्यात किंवा नदीत धुऊन काढावयाची, अंग वाळले की कातरीने लोकर उतरावयाची, मग काळी, तांबूस, करडी, पांढरी अशी ती रंगवार वेगळी करावयाची. कोकराच्या पहिल्या कातरणीचे मऊ जावळ तर स्वतंत्रच ठेवीत, कारण त्याच्या घोंगडीला किंमत अधिक. धनुकलीने पिंजलेल्या लोकरीचे सूत घरच्या बायका काढीत, आणि सणगर व खुटेकर धनगर विणकर ते सूत ताणून त्याला चिंचोके शिजवून केलेली खळ कुंचल्याने पाजीत. ही खळ घोंगडीचा प्राण आहे. तिच्यावाचून राठ सूत मागावर तुटते, आणि तिच्याचमुळे नव्या घोंगडीला तो ताठ, खरखरीत स्पर्श येतो, जो वापरता वापरता वर्षा-दोन वर्षांनी निवळतो. खड्ड्यात पाय सोडून बसावयाच्या मागावर विणलेल्या या वस्त्राला रंगाची गरज नसे. मेंढीचा काळा तोच त्याचा काळा. विणल्यावाचून नुसती दाबून, मळून केलेली बुरणुसेही याच लोकरीची. माण तालुक्यातील म्हसवड हे या विणकामाचे जुने ठाणे.

घोंगडीचा उपयोग ज्याने केला आहे त्याला तिची थोरवी सांगावयास नको. लोकरीला जन्मतःच असलेला मेणट अंश आणि विणीचा दाटपणा यांमुळे पावसाची सर तिच्यावरून ओघळून जाते. भिजली तरी ती ऊब सोडीत नाही. आषाढात तिची खोळ डोक्यावरून घेऊन कुणबी भाताच्या चिखलात उभा राही, रात्री तीच अंथरूण होई, खळ्यावर तिच्यावर धान्य पसरीत, आणि मुक्कामाला पाल नसलेल्या शिपायालाही तिचाच आसरा असे. पाटीलकीच्या जुन्या वतनपत्रांत गावच्या निरनिराळ्या कसबी लोकांनी पाटलास द्यावयाच्या हक्कलाजिम्याच्या ज्या याद्या येतात, त्यांत चांभाराचा जोडा व तेल्याचे तेल यांच्या बरोबरीने धनगराच्या घोंगडीलाही जागा असे. सरकारदरबारात मेंढरांची गणना व्हावयाची ती वनचराईसारख्या बाबींतून. मल्हारराव होळकरांचे बालपण मामाच्या घरी खानदेशात मेंढरे राखण्यात गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण मल्हाररावांचे भाग्य सांगून झाले की ती मेंढरे आपल्या कथेतून निघून जातात, हे मला नेहमी खटकत आले आहे.

वाटचालीचा वृत्तान्त येथून सुरू होतो. दिवाळी उरकली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून, त्यावर कोंबड्या आणि तान्ही मुले बसवून, कुत्र्यांच्या पहाऱ्यात धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह चालणारे तांडे, पश्चिमेकडे निघत. काही घाट उतरून कोकणात जात, काही नद्यांच्या खोऱ्यांतील बागाइती गावांत फिरत, आणि मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास पुन्हा आपल्या कोरड्या माळांवर परतत. रात्री वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून एखाद्याच्या रानात मेंढरे बसवावयाची, लेंड्यामुताने त्या जमिनीला कस आणावयाचा आणि मोबदल्यात धान्य घ्यावयाचे, हा करार उभयपक्षी किफायतीचा होता. पण या प्रवासाचा जो अर्थ गावच्या माणसाला दिसला नाही तो कळपाच्या प्रकृतीचा. कोकणातला पाऊस मेंढीला मारक असतो. ओल्या जमिनीत खूर सडतात, आणि पाणथळ जागच्या गोगलगायींच्या अंगी वाढून गवतावर येऊन बसणारे पर्णकृमी पोटात गेले की यकृत पोखरून टाकतात, जबड्याखाली पाण्याची सूज लोंबू लागते आणि मेंढी हां हां म्हणता खंगते. म्हणून कोकणात जावयाचे ते जमीन वाळल्यावर, आणि सोडावयाचे ते पहिल्या पावसाच्या आत.

पोटातल्या जंतांचेही तेच. लेंडीतून पडलेल्या अंड्यांच्या अळ्या होतात, त्या ओल्या गवताच्या पात्यांवर चढतात व चरणाऱ्या जनावराच्या पोटात परततात. एकाच कुरणात महिनोन्‌महिने डांबलेला कळप आपल्याच घाणीतून रोग पुन्हा पुन्हा गिळत राहतो, तर चालता कळप त्या अळ्या मागे टाकून पुढे जातो. सकाळचे दव उतरल्याशिवाय मेंढरे सोडू नयेत हा जुन्या मेंढक्यांचा दंडक याच कारणाने शास्त्रशुद्ध ठरतो, जरी त्यांनी ती अळी डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. पावसाआधीच्या कातरणीने अंग हलके होई, गोचिडी व खरूज उघड्या पडत, आणि भिजलेल्या लोकरीचे ओझे जनावराच्या पाठीवर कुजत राहत नसे.

अर्थात सर्व दुखण्यांवर वाट हे औषध नव्हते. पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर, किंवा कापणीच्या रानात सांडलेल्या कणसांवर तुटून पडलेल्या कळपातली सर्वांत धष्टपुष्ट कोकरे रातोरात मरून पडत, हा आंत्रविषार. एरवी आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारे जंतू या अचानक मिळालेल्या समृद्ध चाऱ्यावर बेसुमार वाढून विष सोडतात. देवी, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांनी उभे वाडे बसविले. खंडोबा-बाणाईच्या लोककथेत बाणाईच्या बापाची मेंढरे धुवायला नेली असता ती मरून पडतात आणि खंडोबा ती पुन्हा जिवंत करतो, असा जो प्रसंग येतो, त्याच्या मागे या अकस्मात मरणाची धास्ती मला स्पष्ट दिसते. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. जे रक्षावयाचे तेच देवाला अर्पण.

भारतातील आधुनिक पशुवैद्यकाचा पाया घालण्यातही या मुलुखाचा वाटा आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये निघाले; पुढे बरेलीजवळ इज्जतनगरला स्थिरावलेल्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेचा आरंभ १८८९ मध्ये पुण्यात झाला आणि १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली. गुरांच्या बुळकांडीने मांडलेला हाहाकार हे तिचे निमित्त, परंतु तिच्या परंपरेतून निघालेल्या लशींचा लाभ मेंढरांनाही मिळाला. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची, देवीची आणि अलीकडे पीपीआर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेळ्यामेंढ्यांच्या बुळकांडीची लस टोचून घेतलेला कळप आणि न टोचलेला कळप यांतला फरक आज कोणाही धनगराला पटवून द्यावा लागत नाही. पीपीआर भारतात प्रथम ओळखला गेला तो १९८७ मध्ये, तामिळनाडूत.

मात्र ज्या सरकारी दृष्टीने लस आणली त्याच दृष्टीने मेंढीची किंमत केवळ तिच्या लोकरीच्या बारीकपणावर ठरविली. १९६२ मध्ये राजस्थानात अविकानगर येथे मेंढी व लोकर यांची केंद्रीय संशोधनसंस्था निघाली. राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनीचा मेरिनो व डॉर्सेट या विलायती जातींशी संकर करून पाहिला गेला. हे प्रयत्न करणाऱ्यांची कळकळ निःसंशय होती. पण १९६४ मध्ये महाराष्ट्रातील मेंढ्यांत प्रथम नोंदला गेलेला, चिलटांवाटे पसरणारा नीलजिव्हा हा रोग विदेशी व संकरित मेंढ्यांना जितका छळतो तितका देशी जातींना छळत नाही, आणि उन्हात दहा-पंधरा किलोमीटर चालणे ज्याला साधत नाही त्या जनावराला धनगराच्या वाड्यात स्थान नाही. लोकर सुधारण्याच्या नादात पाय गमवावयाचे, हा सौदा धनगराने नाकारला, आणि त्यात त्याचे अज्ञान नव्हते.

पुढे लोकरीनेच पाठ फिरविली. कारखान्यांतली स्वस्त ब्लँकेटे आणि कृत्रिम धाग्यांच्या चादरी खेड्यापाड्यांत पोहोचल्या, परदेशी मऊ लोकर गिरण्यांना सुलभ झाली, आणि काळी राठ लोकर घेणारे गिऱ्हाईकच उरले नाही. आज अनेक ठिकाणी कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघत नाही व कातरलेली लोकर रानात टाकून द्यावी लागते. तेव्हा मेंढक्याने मांसाकडे पाहिले. जत तालुक्यातील माडग्याळची उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेली, जवळजवळ बिनलोकरीची मेंढी याच कारणाने दूरदूर पसरली, आणि तिच्या नरांना जे मोल येते ते ऐकून जुने मेंढके चकित होतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, जिची स्थापना बनबिहारी निंबकरांनी केली, निराळी दिशा धरली. सुंदरबनातील इवलीशी गारोल मेंढी एका वेळी दोन-तीन कोकरे देते. बंगालहून अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांबरोबर हाच आनुवंशिक गुण तिकडे पोहोचला आणि बुरुला मेरिनोच्या रूपाने जगप्रसिद्ध झाला. फलटणच्या संशोधकांनी तो गुण गारोलपासून दख्खनी रक्तात आणून नारी सुवर्णा ही जुळी देणारी मेंढी सिद्ध केली, आणि ती नुसती बंदिस्त प्रक्षेत्रावर न ठेवता धनगरांच्या चालत्या कळपांत उतरवून पारखली. अशा मेंढीच्या मालकाचा पहिला प्रश्न दोन्ही कोकरांना पुरेल एवढे दूध कासेला उतरते काय, हा असतो. दख्खनीच्या बाबतीत शास्त्राने धनगराच्या कसोटीवर उतरण्याचा केलेला हा मोलाचा यत्न आहे.

वाटा मात्र आकसल्या आहेत. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानांची दारे लागू लागली, नीरेच्या कालव्यांनी पडीक माळ उसाखाली आणले, गायराने वसाहतींत गेली आणि घाटांतल्या जुन्या पायवाटांवर मोटारींची गर्दी झाली. मेंढरे रात्री बसवून घेणारे शेतकरी आजही भेटतात, पण चरण्यास जागा देणारे कमी होत चालले आहेत. लसीचे शिबिर गावच्या दवाखान्यात भरते तेव्हा वाडा शंभर मैलांवर असतो; वैशाखात परतणाऱ्या कळपांना घाटाच्या माथ्यावरच आंत्रविषाराची लस व जंताचे औषध मिळावे, लस टोचल्याची चिठ्ठी एका जिल्ह्याची दुसऱ्या जिल्ह्यात चालावी आणि चराईचा परवाना कळपामागोमाग फिरावा, एवढी व्यवस्था करणे राज्याला अशक्य नाही. म्हसवडला अजून माग चालतो. त्याला लागणारी काळी लोकर याच वाटांवरून येते.