छापखाना आधी, विद्या मागाहून

गोव्यात जेझुइटांचा छापखाना १५५६ साली सुरू झाला, पण छापण्याची विद्या मराठी माणसाच्या हाती यायला पुढची पावणेतीनशे वर्षे गेली. यंत्र आले की विद्याही आली, असे आपण धरून चालतो; हा इतिहास तसे सांगत नाही. फादर स्टीफन्सचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते रोमन लिपीत. सुरतेच्या व्यापारी भीमजी पारेखांनी तर इंग्रज कंपनीकडे मुद्रकच मागितला आणि १६७४ साली हेन्री हिल्स आलाही. मात्र त्याला छापता येत होते, अक्षरांचे साचे कोरता येत नव्हते. भीमजींना आपल्या लिपीत ग्रंथ छापायचे होते. त्यांच्याकडे पैसा होता, हौस होती, तज्ज्ञही होता. अडले ते एका कसबापाशी.

मुंबईत घडले ते याहून वेगळे. अमेरिकन मिशनने १८१७ पासून मराठी छपाई केली ती धर्मप्रसारासाठी. ती पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतः खटपट करून यंत्र आणि शाई सिद्ध केली आणि १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. छापील कागदाला शिवायला कचरणाऱ्यांसाठी त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप वापरले, असे सांगतात. पुढे खिळेही, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, त्यांनी स्वतःच पाडले. मिशनच्या छापखान्यात पोरवयात खिळे घासणाऱ्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्या कोरीव कामाने त्या खिळ्यांना पोथीच्या अक्षराचे वळण दिले.

यावर कोणी म्हणेल, हा सारा मागणीचा प्रताप. इंग्रजी अमलात शाळा, वृत्तपत्रे आली, म्हणून छपाई वाढली. धंदा तगला तो मागणीमुळे, हे खरेच. पण गिऱ्हाईक आहे म्हणून साचा कोरता येत नाही, हे भीमजींच्या उदाहरणावरून दिसते. मग ही निव्वळ नक्कल होती का? नकलेला पंचांग सुचले नसते, तुपाची शाई तर नाहीच. बाहेरची विद्या रुजली ती घरच्या गरजेला जोडली गेली तेव्हा, आणि कसबाच्या मुळापर्यंत हात पोचला तेव्हा. मिशनने प्रतिस्पर्धी घडवायचे ठरवले नव्हते; तिथली विद्या बाहेर पडली ती सर्वांत खालच्या कामगारासोबत. म्हणून एखाद्या संस्थेने काय आत्मसात केले हे तपासताना तिची यंत्रे मोजण्याआधी तिथे खिळे कोण घासतो आणि त्याला पुढे काय करू दिले जाते, हे विचारावे.