खो-खोतील दिशा-नियम : मार्गनिवडीच्या अधिकाराचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासाचे लेखन करताना स्पर्धा, संस्था, पुरस्कार आणि नामवंत खेळाडू यांच्या नोंदींवर भर दिला जातो. खेळाचे नियम मात्र तांत्रिक बाब म्हणून शारीरिक शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांकडे सोपविले जातात. वस्तुतः नियम हे इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. मैदानावर निर्णय कोणी घ्यावयाचा, तो केव्हा घ्यावयाचा आणि घेतलेला निर्णय बदलता येईल किंवा नाही, हे नियमच ठरवितात. एखाद्या समाजाने खेळाडूकडून काय अपेक्षिले, याची साक्ष त्यामुळे नियमांत सापडते. प्रस्तुत लेखात खो-खो या मराठी मुलखात रुजलेल्या खेळातील दिशेच्या नियमाचा या दृष्टीने विचार केला आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी आखलेला मार्ग आणि प्रत्यक्ष खेळात बदलावा लागणारा मार्ग यांच्यातील नाते हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. २०२२ नंतरच्या बदलांमुळे हा प्रश्न आज केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही.

लिखित नियमांचा आरंभ

खो-खोचे मूळ रथांच्या शर्यतीत किंवा महाभारतातील चक्रव्यूहात शोधण्याची प्रथा आहे. अशा कथांतून खेळाविषयीचा अभिमान व्यक्त होतो. तथापि त्यांना ऐतिहासिक पुराव्याचे स्थान देता येत नाही. या खेळाचा लिखित इतिहास विसाव्या शतकात सुरू होतो. पुण्यातील डेक्कन जिमखाना या १९०६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९१४ मध्ये खो-खोचे नियम प्रथम लेखनिविष्ट केले, असे सामान्यतः मानले जाते. त्याच वर्षी अमरावतीत वैद्य बंधूंच्या पुढाकाराने हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ मध्ये खो-खोची नियमावली प्रसिद्ध केली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे सादर केली.

या घटनाक्रमात एक राजकीय-भौगोलिक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी पुणे मुंबई इलाख्यात होते, तर अमरावती आणि बुलढाणा हे जिल्हे मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत. चिखली तालुक्यातील अमडापूरसारखे गाव आणि पुण्यातील जिमखाना हे दोन वेगवेगळ्या प्रशासनांखाली होते. वऱ्हाड १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा भाग झाले. राज्याची सीमा आखली जाण्याच्या कितीतरी आधी मराठी भाषकांच्या खेळाचे नियम एका सूत्रात येऊ लागले होते. गावोगावी निरनिराळ्या रीतीने खेळल्या जाणाऱ्या खेळाला समान मैदान, समान गडीसंख्या आणि समान वेळ मिळाल्यावरच परगावच्या संघाशी सामना शक्य झाला. १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा या एकसूत्रीकरणाची व्याप्ती मराठी प्रदेशाबाहेर गेली होती.

दिशा-नियमाचे स्वरूप

खो-खोचे प्रचलित मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. त्याच्या मध्यभागी ३० सेंटीमीटर रुंदीची मध्य पाटी असून तिच्या दोन्ही टोकांना एकेक खांब असतो. मध्य पाटीला आठ आडव्या पाट्या छेदतात. या आठ चौकोनांत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा गडी प्रत्यक्ष पाठलाग करतो. पळणाऱ्या संघाचे गडी तिघा-तिघांच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात.

या रचनेत पाठलाग करणाऱ्यावर दोन बंधने आहेत. पहिले असे की, त्याला मध्य पाटी ओलांडता येत नाही. दुसऱ्या बाजूस जावयाचे असल्यास खांबाला वळसा घालावा लागतो. दुसरे असे की, त्याने एकदा डावी किंवा उजवी दिशा घेतली की खांबाजवळील मुक्त क्षेत्र येईपर्यंत त्याला मागे वळता येत नाही. खांद्यांची रेषा किती वळली यावरून त्याने दिशा घेतली किंवा कसे, हे पंच ठरवितात. पळणाऱ्यांवर मात्र यांपैकी कोणतेही बंधन नाही. ते बसलेल्या गड्यांमधून आरपार जाऊ शकतात, थांबू शकतात, क्षणात उलटे फिरू शकतात.

वरवर पाहता हा नियम पाठलाग करणाऱ्यावर अन्याय करणारा वाटतो. पळणारा दोन पावलांत मध्य पाटी ओलांडून सुरक्षित होतो आणि पाठलाग करणारा आपल्याच मार्गात अडकून पडतो. या कोंडीवरचा उपाय म्हणजे खो. खो नेहमी बसलेल्या गड्याच्या पाठीमागून, स्पर्श करून आणि ऐकू येईल अशा आवाजात द्यावयाचा असतो. ज्याची पाठ पाठलाग करणाऱ्याकडे आहे त्याचे तोंड मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे असते. म्हणून प्रत्येक खोबरोबर आक्रमण मध्य पाटीच्या पलीकडे जाते. शिवाय नव्याने उठणारा गडी पूर्वीच्या गड्याच्या दिशेला बांधलेला नसतो. त्याला डावी-उजवी निवड नव्याने करता येते. थोडक्यात, खो-खोत एका गड्याला आपला मार्ग बदलता येत नाही. मार्ग बदलावयाचा तर गडी बदलावा लागतो. दिशा-नियम काढून टाकल्यास खो देण्याचे प्रमुख कारणच उरत नाही. या खेळातील सांघिकता दिशेच्या निर्बंधातून निर्माण झाली आहे, असे म्हणता येते.

नियमभंगाची शिक्षाही याच तत्त्वाशी सुसंगत आहे. पाठलाग करणाऱ्याने दिशेचा नियम मोडल्यास पंच त्याला विरुद्ध दिशेने जाण्यास भाग पाडतात. ज्या अधिकाराचा गैरवापर झाला तोच अधिकार काही काळ काढून घेतला जातो.

पूर्वनियोजन आणि बसलेल्या गड्याचा निर्णय

पाळी सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांना काही गोष्टी निश्चित कराव्या लागतात. पळणाऱ्या संघाला आपल्या गड्यांचा क्रम गुणलेखकाकडे नोंदवावा लागतो. पहिल्या तुकडीत अनुभवी गडी उतरवून वेळ काढावयाचा की त्यांना मागे राखून ठेवावयाचे, याचा विचार येथेच होतो. पाठलाग करणारा संघ कोणत्या चौकोनात कोणाला बसवावयाचे हे ठरवितो. खांबावर सूर मारण्यात तरबेज असलेला गडी खांबालगत बसविला जातो, तर चपळतेने उठून लगेच खो देणारे गडी मधल्या चौकोनांत ठेवले जातात.

परंतु ही आखणी पहिल्या काही क्षणांपुरतीच टिकते. पळणारा गोल फेरीने पळणार की बसलेल्या गड्यांमधून नागमोडी साखळी करणार, हे आधी सांगता येत नाही. पळणाऱ्याची हुलकावणी हेरून कोणाला खो द्यावयाचा हे पाठलाग करणारा ठरवितो आणि उठून कोणत्या बाजूस जावयाचे हे बसलेला गडी ठरवितो. त्याला खो मिळण्यापूर्वी उठता येत नाही. त्याच्या पाठीमागे काय चालले आहे ते त्याला मान वळवून टिपावे लागते आणि खो कानी पडताच दिशा घ्यावी लागते. एकदा घेतलेली दिशा परत फिरविता येत नसल्यामुळे त्याचा खरा निर्णय उठण्यापूर्वी, म्हणजे बसलेल्या अवस्थेतच झालेला असतो. बाहेरून निष्क्रिय दिसणारे आठ गडी प्रत्यक्षात सतत आपला मार्ग मनात आखत आणि खोडत असतात. नऊ गड्यांमध्ये विभागलेला हा निर्णयाधिकार खो-खोचे वेगळेपण होय.

एक तुलना : अमेरिकन फुटबॉल

मार्गनिवडीचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न इतर खेळांतही उद्भवला आहे. तुलनेसाठी अमेरिकन फुटबॉलचे उदाहरण उपयुक्त ठरते. या खेळात १९०६ मध्ये पुढच्या दिशेने चेंडू फेकण्यास मान्यता मिळाली आणि चेंडू झेलणाऱ्या गड्यांनी कोणत्या मार्गाने धावावयाचे याची आखणी महत्त्वाची ठरली. प्रत्येक डाव आधी ठरवून खेळला जातो. मात्र प्रतिस्पर्ध्यांची मांडणी पाहून चेंडू खेळात येण्यापूर्वीच्या काही सेकंदांत क्वार्टरबॅक, म्हणजे डावाचा सूत्रधार, हा मार्ग बदलू शकतो. तेथील व्यावसायिक स्पर्धेत १९९४ पासून प्रशिक्षकाला क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणातील रेडिओद्वारे सूचना देण्याची मुभा मिळाली. परंतु चेंडू खेळात आणण्याच्या मुदतीची १५ सेकंदे उरली असता हा रेडिओ बंद होतो. अखेरचा निर्णय मैदानावरील खेळाडूचाच राहावा, ही मर्यादा तंत्रज्ञानाचा स्वीकार करतानाही पाळली गेली.

१९८८ मध्ये जॉन मॅडन फुटबॉल या संगणकीय खेळापासून पुढे लोकप्रिय झालेल्या मालिकेत हेच कौशल्य पडद्यावर आले. खेळणारी व्यक्ती चेंडू सुटण्यापूर्वी कळ दाबून एखाद्या गड्याचा ठरलेला मार्ग बदलते. तेथे अकराही गड्यांच्या वतीने एकच व्यक्ती विचार करते. पडद्यावरील गडी दिलेल्या रेषेवरून धावतो. खो-खोची रचना याच्या नेमकी उलट आहे. येथे एकाच्या आज्ञेने इतरांचे मार्ग बदलत नाहीत. प्रत्येक उठणारा गडी आपला मार्ग स्वतः निवडतो आणि त्याच्या चुकीची किंमत सर्व संघ मोजतो.

वजीर : नियमाला मिळालेला अपवाद

२०२२ मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम झाला. दूरचित्रवाणीसाठी आखलेल्या या स्वरूपात मैदान लहान झाले, पाठलाग करणाऱ्यांची संख्या नऊवरून सातवर आली आणि 'वजीर' ही नवी भूमिका निर्माण झाली. वेगळ्या रंगाचा पोशाख घातलेल्या या गड्याला पाठलाग करताना कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असते. बुद्धिबळातून घेतलेले हे नाव अर्थपूर्ण आहे. पटावरील वजीरही इतर मोहऱ्यांवरील बंधनांतून बराच मोकळा असतो. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेतही याच वेगवान स्वरूपाचा अवलंब झाला. तेथे भारताच्या महिला व पुरुष या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला पराभूत केले. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

या बदलाचे लाभ नाकारता येत नाहीत. खेळ वेगवान झाला, प्रेक्षकांना एक ओळखू येणारा नायक मिळाला आणि खेळाडूंना व्यावसायिक संधी उपलब्ध झाली. परंतु इतिहासाच्या दृष्टीने वजीर हा साधा अपवाद नाही. पारंपरिक नियमांत नवव्या गड्याला जे बंधन होते तेच पहिल्या चौकोनातील गड्यालाही होते. उठल्यावर सर्वांचा अधिकार समान होता. वजिराच्या रूपाने संघात प्रथमच अधिकारांची उतरंड आली. गडी न बदलता मार्ग बदलण्याची सोय एकाला मिळाली आणि तितक्या प्रमाणात खोचे महत्त्व कमी झाले. हा अपवाद एकापुरता मर्यादित राहिला तर तो डावपेचांत भर घालील; त्याचा विस्तार होत गेला तर खो-खो हा नाव तेच असलेला, परंतु तत्त्वतः निराळा खेळ होईल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, खो-खोचा इतिहास हा मार्गनिवडीच्या अधिकाराच्या वाटपाचा इतिहास आहे. १९१४ पासूनच्या नियमलेखनाने विखुरलेल्या खेळाला समान रूप दिले आणि दिशेच्या निर्बंधाने त्यातील सहकार्य टिकवून ठेवले. शाळा-महाविद्यालयांच्या दृष्टीने यास विशेष अर्थ आहे. अमडापूरसारख्या गावात हा खेळ शिकविण्यासाठी दोन खांब, फक्की आणि मोकळी जागा एवढे साहित्य पुरते. तेथे विद्यार्थी केवळ धावणे शिकत नाही. आपली पाळी येण्यापूर्वी परिस्थिती वाचणे, घेतलेल्या निर्णयाशी बांधील राहणे आणि स्वतःला पुढे जाता येत नसेल तेथे दुसऱ्याला उठविणे, या तीन गोष्टी त्याला दिशेचा नियम शिकवितो. लीगच्या झगमगाटात तयार होणारे नवे नियम शालेय मैदानावर जसेच्या तसे उतरविण्यापूर्वी शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासमंडळांनी जुन्या नियमातील हे शैक्षणिक मूल्य विचारात घेणे आवश्यक आहे. व्यावसायिक स्वरूप वजिरासह बहरावे. शाळेच्या मैदानावर मात्र नऊही गड्यांना समान बंधन आणि समान निवड देणारा खेळ जतन व्हावा, हे इतिहासाच्या आधारे सुचविणे उचित ठरते.