प्रारंभीच्या ध्वनिमुद्रित क्वार्टेट गायनाचे स्मरणरंजन : अमेरिकन बार्बरशॉप परंपरेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

गतकाळाविषयीची ओढ ही मानवी मनाची सहजप्रवृत्ती मानली जाते. तथापि या ओढीलाही स्वतःचा इतिहास आहे. इ. स. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' ही संज्ञा प्रथम वापरली. घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांना जडणारी व्याधी, असा तिचा मूळ अर्थ होता. पुढे व्याधीचा अर्थ मागे पडून हरवलेल्या काळाविषयीची हुरहुर हा अर्थ रूढ झाला. मराठीत त्यासाठी 'स्मरणरंजन' हा समर्पक शब्द वापरला जातो. स्मरण आणि रंजन ही दोन्ही अंगे त्यात आहेत. स्मरण जेव्हा रंजनाच्या अधीन होते, तेव्हा इतिहासाचे काय होते, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे. त्यासाठी अमेरिकेतील बार्बरशॉप क्वार्टेट या गायनप्रकाराचा विचार करण्यात आला आहे.

उद्दिष्टे :

१) प्रारंभीच्या क्वार्टेट ध्वनिमुद्रिकांच्या निर्मितीची परिस्थिती स्पष्ट करणे.
२) या गायनाभोवती निर्माण झालेल्या स्मरणरंजनाचे स्वरूप तपासणे.
३) या स्मरणरंजनातून वगळल्या गेलेल्या आफ्रिकन-अमेरिकन योगदानाचा आढावा घेणे.

बार्बरशॉप गायनाचे स्वरूप :

वाद्यांच्या साथीवाचून चार आवाजांनी एकत्र गायलेले गीत असे या प्रकाराचे स्थूल स्वरूप आहे. 'लीड' हा आवाज मुख्य चाल गातो, 'टेनर' तिच्या वर राहतो, 'बास' पाया धरतो आणि 'बॅरिटोन' उरलेली जागा भरून काढतो. चारही स्वर अचूक जुळले असता कोणीही न गायलेला वरचा स्वर ऐकू आल्याचा भास होतो. सुरेल लागलेल्या तानपुऱ्यातून स्वयंभू गंधार प्रकटतो, त्याच्याशी या अनुभवाची तुलना करता येईल. गायकांचे या प्रकाराविषयीचे प्रेम प्रामुख्याने या अनुभवातून येते. त्यामुळे स्मरणरंजनाची चिकित्सा करताना या आनंदाची खरीखुरी बाजू नाकारता येणार नाही.

ध्वनिमुद्रणाचे तंत्र आणि व्यवसाय :

इ. स. १८७७ मध्ये एडिसनने फोनोग्राफचा शोध लावला आणि १८९० च्या सुमारास मुद्रित सिलिंडरांचा व्यापार सुरू झाला. १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत मायक्रोफोन वापरात नव्हता. चौघे गायक एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे राहून मोठ्याने गात. त्या काळातील सामान्य सिलिंडर सुमारे दोन मिनिटांचे, तर दहा इंची तबकडी सुमारे तीन मिनिटांची असे. सुरुवातीच्या काळात सिलिंडरांच्या प्रती मोठ्या संख्येने काढण्याची सोय नसल्याने एकच गीत पुनःपुन्हा गावे लागे. कर्ण्याला पुरुषांचे खणखणीत आवाज मानवत. त्यामुळे पुरुषांच्या क्वार्टेटला या व्यवसायात विशेष स्थान मिळाले.

हेडन, पीअरलेस आणि अमेरिकन ही या काळातील प्रसिद्ध क्वार्टेट्स होत. त्यांच्या सदस्यांची नावे पाहता एक लक्षणीय बाब आढळते. जॉन बीलिंग आणि विल्यम हूली हे हेडन क्वार्टेटमध्येही होते आणि १९०९ पासून बिली मरे याच्यासमवेत अमेरिकन क्वार्टेटमध्येही होते. हेच अमेरिकन क्वार्टेट एडिसन कंपनीसाठी 'प्रीमिअर क्वार्टेट' या नावाने गात असे. म्हणजेच आज ज्या ध्वनिमुद्रिका गावकोपऱ्यातील हौशी मित्रांच्या गाण्याचा ठेवा म्हणून ऐकल्या जातात, त्या वस्तुतः महानगरांतील मोजक्या व्यावसायिक गायकांनी वेगवेगळ्या नावांनी तयार केलेला माल होत्या.

या गीतांचे विषयही विचारात घेण्याजोगे आहेत. 'इन द गुड ओल्ड समर टाइम' हे १९०२ चे, 'स्वीट ॲडेलाइन' हे १९०३ चे, 'पुट ऑन युअर ओल्ड ग्रे बॉनेट' हे १९०९ चे, तर 'डाउन बाय द ओल्ड मिल स्ट्रीम' हे १९१० चे गीत. दुरावलेली प्रेयसी, जुनी गिरणी, जुने दिवस हेच त्यांचे भांडवल होते. खेड्यांतून शहरांकडे वेगाने सरकणाऱ्या समाजाला हरवलेल्या गावाची आठवण विकली जात होती. आजचा रसिक या ध्वनिमुद्रिकांमधून ज्या निरागस काळाचा शोध घेतो, तो काळ स्वतःच मागे वळून पाहत होता. हे एका अर्थाने स्मरणरंजनाचेच स्मरणरंजन होय.

स्मरणरंजनाचे संस्थात्मक रूप :

११ एप्रिल १९३८ रोजी ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे ओवेन कॅश आणि रुपर्ट हॉल यांच्या निमंत्रणावरून २६ पुरुष गाण्यासाठी एकत्र आले. त्यातून बार्बरशॉप क्वार्टेट गायनाचे जतन व प्रोत्साहन करणारी संस्था उभी राहिली. तिचे लांबलचक नाव म्हणजे 'न्यू डील' काळातील सरकारी खात्यांच्या आद्याक्षरांची थट्टा होती. महामंदीचा अनुभव घेतलेल्या पिढीला आपल्या तारुण्यातील सूर पुन्हा हवे होते. १९३६ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'च्या मुखपृष्ठावर नॉर्मन रॉकवेल यांनी रंगविलेले क्वार्टेट आणि १९५७ मधील 'द म्युझिक मॅन' हे १९१२ च्या आयोवातील गावावर बेतलेले संगीतक यांनी या गायनाची एक ठाशीव प्रतिमा घडविली. लहान गाव, न्हाव्याचे दुकान आणि चार श्वेतवर्णीय पुरुष ही ती प्रतिमा होय.

या प्रतिमेची किंमत कोणी मोजली, हे १९४१ मध्ये स्पष्ट झाले. ग्रँड सेंट्रल रेल्वेस्थानकावरील हमालांच्या गणवेशावरून 'ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स' हे नाव घेतलेले आफ्रिकन-अमेरिकन क्वार्टेट न्यूयॉर्क शहराच्या स्पर्धेत विजयी ठरले. मात्र सेंट लुईस येथील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्याच्या निषेधार्थ न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी संस्थेतून अंग काढून घेतले. संस्थेतील वर्णबंदी उठण्यास १९६३ साल उजाडावे लागले. स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व तर २०१८ मध्ये मिळाले.

विस्मृत योगदान :

ज्यांना दारातून परत पाठविण्यात आले, त्यांच्याच समाजात या गायनाची मुळे असल्याचे पुरावे विपुल आहेत. जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी १९२५ मध्येच, आफ्रिकन-अमेरिकन आध्यात्मिक गीतांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत, न्हाव्यांच्या दुकानांतील कृष्णवर्णीय क्वार्टेट्सचा निर्देश केला होता. लुई आर्मस्ट्राँग बालपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर क्वार्टेटमध्ये गात असे. मिल्स ब्रदर्स या विख्यात क्वार्टेटमधील बंधूंच्या वडिलांचे ओहायोतील पिक्वा येथे न्हाव्याचे दुकान होते आणि तेही क्वार्टेटमध्ये गात. अशा विखुरलेल्या साक्षी एकत्र करून लिन ॲबट यांनी १९९२ मध्ये बार्बरशॉप गायनाच्या आफ्रिकन-अमेरिकन उगमाची सविस्तर मांडणी केली. गेज ॲव्हेरिल यांच्या २००३ मधील ग्रंथाने या परंपरेचा सामाजिक इतिहास तपासला.

मग हे योगदान इतकी वर्षे ऐकू का आले नाही? त्याचे एक उत्तर ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातच दडलेले आहे. युनिक क्वार्टेट या आफ्रिकन-अमेरिकन वृंदाचे ध्वनिमुद्रण १८९० इतक्या लवकर झाले होते. पाठोपाठ स्टँडर्ड क्वार्टेटचीही सिलिंडरे निघाली. परंतु मेणाच्या त्या सिलिंडरांपैकी अत्यल्प शिल्लक राहिली. डिनविडी क्वार्टेटने १९०२ मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी केवळ सहा तबकड्या केल्या. १९०९ मध्ये फिस्क ज्युबिली क्वार्टेटच्या तबकड्या मुद्रित झाल्या. याउलट श्वेतवर्णीय क्वार्टेट्सच्या ध्वनिमुद्रिका शेकड्यांनी निघाल्या. संग्राहकाच्या कपाटात जे उरले, त्यालाच परंपरा समजण्यात आले. जे मुद्रितच झाले नाही किंवा टिकले नाही, त्याची आठवण येण्याचे कारणच उरले नाही. शिवाय त्या काळी लोकप्रिय असलेली, चेहऱ्याला काळा रंग फासून केलेल्या मिनस्ट्रेल सादरीकरणाच्या वळणाची अवमानकारक गीतेही या क्वार्टेट्सनी मुद्रित केली होती. रम्य भूतकाळाच्या चित्रात त्यांना मात्र सोयीस्करपणे जागा मिळाली नाही.

डिनविडी क्वार्टेटचे मुद्रण झाले त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात गौहरजानचे गायन मुद्रित करीत होते. तोच कर्णा, तीच काही मिनिटांची मर्यादा. भारतीय संगीताच्या जुन्या तबकड्यांविषयी मराठी रसिकांना वाटणारे ममत्वही याच तंत्राच्या चाळणीतून आलेले आहे. त्यामुळे कोणाचा आवाज मुद्रित झाला आणि कोणाचा नाही, हा प्रश्न येथेही तितकाच लागू पडतो.

निष्कर्ष :

स्वेतलाना बोइम यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे पुनर्स्थापक आणि चिंतनशील असे दोन प्रकार मानले आहेत. पहिला हरवलेले घर जसेच्या तसे उभारू पाहतो, तर दुसरा हरवण्याच्या जाणिवेपाशी थांबून विचार करतो. १९३८ नंतरची बार्बरशॉप चळवळ दीर्घकाळ पहिल्या प्रकारात मोडत होती. तिने सूर जपले, परंतु ते सूर घडविणारी माणसे गमावली. तरीही हे जतन झाले नसते, तर ही कला आज इतक्या व्यापक प्रमाणात जिवंत राहिली नसती, हेही मान्य करणे क्रमप्राप्त आहे.

१९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झाली आहेत. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०११ पासून जुन्या तबकड्यांचा मोठा संग्रह श्रवणासाठी खुला केला आहे. त्यामुळे हेडन क्वार्टेट आणि डिनविडी क्वार्टेट यांना शेजारी ठेवून ऐकणे आता कोणाही अभ्यासकाला शक्य आहे. स्मरणरंजन हा इतिहासाचा पुरावा नव्हे. परंतु एखाद्या समाजाला काय आठवावेसे वाटले आणि काय विसरावेसे वाटले, याचा तो निश्चितच पुरावा आहे. त्या दृष्टीने जुन्या तबकडीची खरखर ऐकताना तिच्यात उमटलेल्या चार आवाजांइतकीच, कर्ण्यासमोर कधी उभ्याच न राहू शकलेल्या आवाजांची दखल घेणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.